सात नंबरचा बिल्ला

बंबखान्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑखनब्रेत दुसऱ्या कुणाला चार ओळी धड लिहिता येत नाहीत. ही बढाई नव्हे. गावच्या शाळेत अडतीस वर्षं मीच शिकवत होते, तेव्हा दोष असलाच तर माझाच आहे.

फर्गस आला तो पावाच्या पिठानं माखलेले हात घेऊनच आला. सकाळी बेकरी चालवतो आणि पेजर वाजला की हातातलं सोडून आगीच्या बंबावर धावतो. सध्या तिथला प्रमुख तोच. माझा विद्यार्थी, त्यामुळे चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर उभा राहताना पाय जुळवतो. बंबखान्याला सप्टेंबरात पंच्याहत्तर वर्षं होणार होती. चार पानं हवीत म्हणाला, कार्यक्रमात वाचायला. आणि नव्या लाकडी फळीवर आजवरच्या सगळ्या गड्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवायची, त्याची यादी.

मग तो बुटांकडे बघत म्हणाला, "बाई, नेट्टाची पुन्हा चिठ्ठी आलीय."

"फाडून टाक," मी म्हणाले.

नेट्टा मॅक्केरो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे चौऱ्याहत्तरची. जुन्या लोहारखान्यात राहते, लोकांची कुत्री सांभाळते आणि स्वतःही त्यांच्यासारखीच भुंकते. तिच्या बापाचं, डगल मॅक्केरोचं नाव फळीवर घाला, हा तिचा धोशा. बंबखान्याच्या पंचविसाव्या वर्षी घातला, पन्नासाव्या वर्षी घातला, आणि आता पुन्हा. दर वेळी गावानं नाही म्हटलं. पन्नासाव्याच्या खेपेला आणि आताही गावाच्या वतीनं नाही म्हणणारी मीच होते, आणि मला ते म्हणताना मजा आली, हेही लिहून ठेवते.

ती मला फर्गसच्या बेकरीतच भेटली. माझ्या पुढे रांगेत होती. वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "इतिहास लिहितेयस म्हणे. बापाच्या वेळेसारखाच लिही हो, बिनचूक."

मी म्हटलं, माझ्या बापानं निदान बोलावल्यावर येणाऱ्यांची नावं लिहिली. तिनं पाव तिथंच टेबलावर आपटला आणि गेली. मी तिच्या पाठोपाठ दोन गोड पाव घेतले आणि घरी येऊन चवीनं खाल्ले.

आता मूळ गोष्ट. आमचा बंबखाना म्हणजे पूर्वी चर्चची मढ्याची गाडी ठेवायची खोली. एकोणपन्नास साली गाडी गेली, पंप आला. तेव्हापासून लोक म्हणतात, खोली तीच आहे, फक्त आता जरा लवकर निघतात. पगारी माणसं इथं कधीच नव्हती. खाटीक, सुतार, टपालवाला, असे नऊ जण आपापल्या धंद्यातून उठून यायचे. छपरावर भोंगा होता. तो वाजला की जो आधी पोचेल त्याची जागा. चिमण्या पेटायच्या, डोंगरावरचं झुडूप पेटायचं, गाई दलदलीत रुतायच्या. पंच्याहत्तर वर्षांतलं निम्मं काम गाई ओढण्याचं आहे, पण ते सोनेरी अक्षरांत कोण लिहिणार?

पहिला प्रमुख माझा बाप, आर्चिबाल्ड स्प्रोट. दुग्धशाळेचा मुकादम. बाबांचा आवाज खालचा आणि सपाट होता. ओरडायची त्यांना गरजच पडायची नाही. त्यांनी म्हटलं उद्या पाऊस, की लोक गवत झाकायचे. तो आवाज मला मिळाला, असं सगळे म्हणतात. शाळेत मी पट्टी कधी उचलली नाही ती त्याच्याच जोरावर.

बिल्ल्यांची पद्धत बाबांनीच घातली. प्रत्येक गड्याला एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. तो चोवीस तास अंगावर, किल्ल्यांच्या जुडग्यात. भोंगा वाजल्यावर आलात की दारातल्या नऊ खुंट्यांपैकी आपल्या खुंटीवर अडकवायचा आणि मग बूट चढवायचे. चार बिल्ले लटकले की बंब निघाला. तीन असतील तर बंब जागचा हलायचा नाही. हा वरून आलेला नियम होता, आणि बाबा नियमाला पक्के. परतल्यावर ज्यानं त्यानं आपला बिल्ला काढून खिशात घालायचा. कोण आलं, कोण नाही, यावर वाद नको, म्हणून ही व्यवस्था. भिंतच साक्षीदार, असं बाबा म्हणत.

चौसष्ट सालच्या ऑगस्टात क्रेगएंडच्या शेतघराला आग लागली. सकाळचे अकरा वाजले होते. त्या दिवशी तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन होतं, निम्मं गाव तिकडे. मी अकरा वर्षांची, शाळेत वर्गात बसले होते, भोंगा ऐकला. दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा भोंगा म्हणजे माणसं कमी पडली.

बाबा आले, टपालवाला रॅब आला, सुतार कॉनल आला. तीन बिल्ले. चार जण प्रदर्शनाला, एकाचा हात मोडलेला. उरला डगल मॅक्केरो, सात नंबर. त्याचा लोहारखाना बंबखान्यापासून दीडशे पावलांवर. आणि दुसरा भोंगा वाजत असताना तो आपल्या फाटकात हाताची घडी घालून उभा होता. हे खाटकाच्या दुकानातून चौघांनी पाहिलं. शेजारच्या गावाचा बंब चाळीस मिनिटांनी पोचला. वरच्या खोलीत म्हातारी एफी ग्लेंडिनिंग झोपलेली होती. ती तिथंच गेली.

चौकशी झाली. डगल म्हणाला, मी सगळ्यांत आधी आलो, बिल्ला लावला, स्प्रोटनं मला हाकललं. बाबा म्हणाले, "मॅक्केरो आला नाही." एवढंच. रॅब आणि कॉनलनं शपथेवर सांगितलं की आम्ही आलो तेव्हा खुंटीवर फक्त प्रमुखांचा बिल्ला होता. भिंतच साक्षीदार. मग आणखी कशाला विचारायचं?

गावानं डगलला वाळीत टाकलं. आम्ही असल्या कामात कुणाला हार जाणारे नाही. शेतकरी नांगर घेऊन आठ मैल लांबच्या लोहाराकडे जाऊ लागले. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. मुलं नेट्टाच्या मागे भोंग्याचा आवाज काढत जायची. मीही काढला आहे. मला तो सगळ्यांत चांगला जमायचा. सात वर्षांत डगल खंगून मेला, आणि त्याला खांदा द्यायला मॅक्केरोंचेच चार भाऊबंद परगावाहून आले.

इतका इतिहास मला पाठ होता. चार पानं एका दुपारी झाली असती. पण फर्गसला एकोणपन्नास सालचा फोटो हवा होता, पंपाशेजारी नऊ जण उभे असलेला. तो शोधायला मी माळ्यावर चढले. एकाहत्तराव्या वर्षी नसती उठाठेव.

बाबांच्या पेटीत फोटो नव्हता. त्यांचा मासेमारीचा डबा होता. आत पिसांचे गळ रांगेनं टोचलेले, अजून रंग धरून. खाली जाड कापडाचा थर होता, त्याचा एक कोपरा सुटलेला. तो मी उचलला, केवळ नीट बसवावा म्हणून. खाली पितळी बिल्ला होता. सात नंबर.

मी तिथंच धुळीत बसले. आधी सबबी शोधल्या. मुलांच्या सबबी ऐकण्यात आयुष्य गेलंय, मला त्या भराभर सुचतात. रस्त्यात सापडला असेल. डगलनं नंतर आणून दिला असेल. परत द्यायचा राहून गेला असेल. मग खाली आले आणि नोंदवही काढली. ती फर्गसनंच मला आणून दिली होती. आगीनंतर तीन आठवड्यांनी बाबांच्या रेखीव अक्षरात नोंद आहे: "सात नंबरने राजीनामा दिला. बिल्ला परत केला नाही." ही ओळ आम्ही साठ वर्षं मॅक्केरोंच्या तोंडावर मारत आलो. चोर तो चोर, वर बिल्लाही ढापला! आणि ती लिहिताना बिल्ला यांच्याच ताब्यात होता.

मागची पानं उलटली. जुलैपासून पाच मंगळवार सरावाची एकही नोंद नाही. ही मोकळी जागा मी महिनाभरापूर्वीच पाहिली होती आणि पुढे गेले होते. उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी बाबा नदीवर असायचे, हे मला माहीत नव्हतं थोडंच? त्यापुढे वरच्या कचेरीचा एक कागद चिकटवलेला: सराव होत नाही, पाण्याचा पाइप फाटका आहे, अशी एका गड्याची तक्रार आली आहे, खुलासा करावा. तारीख आगीच्या नऊ दिवस आधीची. आणि मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं. बाबा बटाटा सोलत होते. आई काहीतरी म्हणाली, त्यावर ते त्याच खालच्या आवाजात म्हणाले, "वर चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला माझ्या बंबावर जागा नाही."

पुढचं कुणी सांगायला नको. दीडशे पावलांवरचा माणूस सगळ्यांत आधी पोचणारच. त्यानं बिल्ला अडकवला. बाबांनी काढून घेतला आणि म्हणाले, घरी जा. त्यांना वाटलं, प्रदर्शन बारानंतरचं, माणसं अजून गावात असतील, भोंग्यावर पाच-सहा जण तरी धावत येतील. याच्यावाचून काय अडतंय? मग रॅब आला, कॉनल आला, आणि नंतर कुणीच आलं नाही. तेव्हा एक हाक मारली असती तर बस होती. डगल फाटकात त्या हाकेचीच वाट बघत उभा होता. बाबांनी हाक मारली नाही, पुन्हा भोंगा वाजवला. रॅब आणि कॉनलसमोर त्यांना कबूल करावं लागलं असतं ना, की चौथ्याला मी परत पाठवलाय.

मला संताप आला तो कशाचा, सांगू? खोटेपणाचा नंतर. आधी त्या डब्याचा. हा माणूस पुढची चोवीस वर्षं दर शनिवारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. तो पितळेचा तुकडा नदीत सोडायला किती वेळ लागतो? टाकला नाही. जपून ठेवला, आणि मेला तेव्हा माझ्यासाठी ठेवून गेला. त्यांच्या नावानं सरावाचा चषक आहे, दरवर्षी तो मी देते, आणि दरवर्षी लोक म्हणतात, आर्चीसारखा माणूस होणे नाही.

तिसऱ्या दिवशी लिहायला बसले, आणि जे लिहिलं त्याची लाज मला अजून वाटते. "त्या दिवशी डगल मॅक्केरोही केंद्रावर उपस्थित झाले होते, असे आता आढळून आले आहे. गैरसमजामुळे त्यांची नोंद राहून गेली." व्याकरण शुद्ध. कुणाच्या केसाला धक्का नाही. नाव फळीवर चढेल, नेट्टाचं तोंड बंद होईल, बाबा जागच्या जागी राहतील. मी तो कागद आणि बिल्ला घेऊन लोहारखान्यावर गेले. खोटं कशाला बोलू, वाटेत मला आपण फार मोठं मन दाखवतोय असंच वाटत होतं.

नेट्टानं दार अर्धंच उघडलं. मागे कुत्री ठणाणा करत होती. मी तळहातावर बिल्ला धरला. तिनं पाहिला, पण हात पुढे केला नाही. कुठे मिळाला तेही विचारलं नाही. कागद मात्र घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि उंबऱ्यातच वाचला.

"कुणाचा गैरसमज?" ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटले. जुनी गोष्ट, गेलेली माणसं, असलं काहीतरी.

"माझ्या बापाला गैरसमज झाला नव्हता. तुझ्या बापाला तर मुळीच नाही. तू लिहितेस तो आला. बरं. मग बिल्ले किती झाले, बाई? तू शाळेत गणितही शिकवायचीस ना?"

"चार," मी म्हणाले.

"चार झाले तर बंब का नाही निघाला, ते लिही. नाहीतर हे घेऊन जा, कुत्र्याखाली अंथरायलासुद्धा नको मला." तिनं कागद माझ्या छातीशी टेकवला. "आणि तो बिल्ला मला कशाला दाखवतेस? तो आला होता हे मला साठ वर्षं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना दाखव. खुंटीवरून काढलात, खुंटीवर लावा."

मी म्हटलं, नेट्टा, मी शाळेत तुझ्यामागे तो आवाज काढायचे.

"तूच चांगला काढायचीस," ती म्हणाली आणि दार लावलं.

मला तिची चीड आली. उपकार करायला गेले तर ही बाई दारातून हाकलते! फाटकापर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मग त्याच फाटकात थांबले. तिथून बंबखान्याचं दार स्वच्छ दिसतं. माणूस दारात उभा असेल तर त्याचं तोंडही दिसतं, आणि त्यानं हाक मारली तर ऐकूही येईल. एवढं आयुष्य या गावात गेलं, पण त्या फाटकात मी कधी उभी राहिले नव्हते.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. बंब बाहेर उभा करून आत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चहा, सॉसेज रोल, साखरेच्या वड्या. पुढच्या रांगेत क्रेगएंडचे ग्लेंडिनिंग बसले होते. जुन्या नऊ खुंट्या फर्गसनं घासून-पुसून भिंतीवर तशाच ठेवल्या होत्या, शोभेला. नेट्टा सगळ्यांत मागे, दाराशी, कोट न काढता बसली होती. फर्गसला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, बाई, हे तुम्ही वाचू नका, मी वाचतो, तुम्हाला गावात राहायचंय. मी त्याला खाली बस म्हटलं.

मढ्याच्या गाडीवर लोक हसले. गाईंवर हसले. चौसष्ट सालापाशी आले तेव्हा मी कागद खाली ठेवला. म्हणाले, डगल मॅक्केरो त्या सकाळी सर्वांच्या आधी आला. त्यानं बिल्ला लावला. माझ्या वडलांनी तो काढून घेतला आणि त्याला घरी पाठवलं, कारण त्यानं त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती आणि ती खरी होती. बंब निघाला नाही तो माझ्या वडलांमुळे. एफी ग्लेंडिनिंगला वाचवायला कुणी गेलं नाही ते त्यांच्यामुळे. चौकशीत ते खोटं बोलले, आणि नोंदवहीत खोटं लिहिलं. बिल्ला आमच्या घरात होता.

मग मी भिंतीपाशी गेले आणि सातव्या खुंटीवर तो अडकवला. आधी दोनदा हुकला.

कुणी टाळी वाजवली नाही. ग्लेंडिनिंगांचा थोरला उठला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. म्हाताऱ्या कॉनलची सून मोठ्यानं म्हणाली की मेलेल्या बापाची अशी अब्रू काढणारी मुलगी आपण पाहिली नाही. पण खोटं आहे, असं कुणी म्हणालं नाही. एकानंही पुरावा मागितला नाही. नोंदवही मी पिशवीतून आणली होती, खुणेच्या चिठ्ठ्या घालून. ती उघडायची वेळच आली नाही. मी म्हटलं, आणि त्यांनी मानलं.

लोक चहाकडे वळले तेव्हा नेट्टा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खुंटीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही काही बरं बोलेल. हो, वाटलं मला तसं.

"आवाज थेट बापाचा आहे तुझा," ती म्हणाली. "म्हणून ऐकलं त्यांनी. आम्ही साठ वर्षं हेच सांगत होतो."

तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि कुत्र्यांना खायला घालायची वेळ झाली म्हणून घरी गेली.